पलटवलेला टायर

पांढरकवड्याच्या बायपासवर उकंडा रामटेकेचं टायरचं दुकान तीस वर्षांपासून होतं आणि या तीस वर्षांत उकंडा एकदाही चुकला नव्हता. म्हणजे तसं तो स्वतःच सांगायचा. टायर फुटला तर ड्रायव्हरनं माल जास्त भरलेला असायचा, पॅच सुटला तर सोल्युशन भेसळीचं असायचं आणि नट ढिला निघाला तर रस्त्यात खड्डे फार असायचे. त्याची बायको प्रभावती म्हणायची, यांच्या हातून वरण करपलं तरी त्यात गॅसचीच चूक निघेल.

माणूस असा हट्टी असला तरी त्याच्या हातात कसब होतं, हे कबूल करायलाच हवं. नागपूरहून हैदराबादला निघालेले ट्रकवाले मुद्दाम त्याच्याकडं थांबत. उकंडा टायरवरून पंजा फिरवायचा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत, आणि एक्सल वाकडा आहे की ड्रायव्हरच वाकडा आहे हे सांगायचा. समोरच्या बाजूला हिरासिंग नावाच्या गॅरेजवाल्यानं चाकं सरळ करायचं कॉम्प्युटरचं मशीन आणलं तेव्हापासून उकंडानं त्या बाजूला पाहणंच सोडलं होतं. चहाच्या टपरीवर गाठ पडायची तेवढीच.

त्याचा जावई अश्वजित नागपूरला एका कारखान्यात इंजिनिअर होता. पोरगा शांत, निर्व्यसनी, उकंडाच्या पोरीला, वैष्णवीला, फुलासारखं जपणारा. नाद एकच, गाडी पळवायचा. दहा वर्षं जुनी छोटी कार त्यानं मागच्या सीटा काढून हलकी केली होती. तालुक्यातच, हायवेपासून चार किलोमीटर आत, बंद पडलेल्या गिट्टी खदानीच्या जागेवर कुणीतरी ट्रॅक बांधला होता. तिथं महिन्यातून एकदा दोन दिवस लोक आपापल्या गाड्या घेऊन येत. शर्यत नसे, बक्षीस नसे. वीस वीस मिनिटांचे राऊंड, आणि त्यात ज्याला जेवढी जमेल तेवढी जोरात गाडी पळवायची. एवढ्यासाठी माणसं नागपूर-अमरावतीहून टायर जाळायला येतात, याचं उकंडाला हसू यायचं. पण जावईच त्यातला निघाल्यावर हसणार कोणापुढं?

शनिवारी चार वाजता दिवसभराचे राऊंड संपवून अश्वजित दुकानात आला. वैष्णवी आधीच माहेरी उतरली होती.

"मामाजी, डावा पुढचा फार घासला," तो चाकाजवळ बसून म्हणाला. "ट्रॅकची जवळपास सगळी वळणं उजवीकडं आहेत. वळताना गाडीचा सगळा भार या एका चाकावर येतो. तुम्ही एवढंच करा, हा काढून उजव्या मागच्या जागी टाका आणि तिथला इथं आणा. उद्याचा दिवस निघून जाईल."

"तुमी घरी जाऊन हातपाय धुवा, जवाईबापू," उकंडा म्हणाला. "गाडी राहू द्या इथंच. सकाळी तयार भेटन."

जावई गेल्यावर उकंडानं चाक उतरवलं आणि पंजा फिरवला. टायरची बाहेरची कड दोन बोटं रुंद गुळगुळीत झाली होती. नक्षी पार पुसली गेली होती. आतली कड मात्र जवळपास कोरी. उकंडानं मान हलवली. याला मागं टाकणं म्हणजे आजाऱ्याला एका खाटेवरून उचलून दुसऱ्या खाटेवर निजवणं. आणि मागचा चांगला पुढं आणला की उद्या संध्याकाळपर्यंत त्याचीही तीच गत. एकाचे दोन टायर वाया.

ट्रकच्या धंद्यात यावर सरळ इलाज होता आणि उकंडानं तो हजार वेळा केला होता. टायर रिंगवरून काढायचा आणि पलटवून पुन्हा चढवायचा. घासलेली कड आत जाते, कोरी कड बाहेर येते आणि टायर तेवढाच पुन्हा चालतो. या टायरला आत-बाहेर असा भेदही नव्हता, उकंडानं ते नीट पाहून घेतलं. मग त्यानं टायर पलटवला, हवा भरली आणि चाक होतं त्याच जागी, डावीकडं पुढं, बसवून टाकलं.

हे जावयाला सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच की सांगितलं असतं तर अश्वजितनं कागद-पेन्सिल काढली असती, आणि जावयाशी वाद घालायची आपल्यात रीत नाही. शिवाय उकंडाला मनातून वाटत होतं, उद्या संध्याकाळी पोरगा येईल, म्हणेल, मामाजी, टायर घासलाच नाही, काय केलं तुम्ही? मग आपण मिशीत हसून सांगू. जेवताना अश्वजितनं विचारलं, "झालं का मामाजी?" उकंडा म्हणाला, "झालं." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

रविवारी सकाळी अश्वजित सहालाच गाडी घेऊन गेला. वैष्णवी त्याच्याबरोबर होती.

अकराच्या सुमारास उकंडा टपरीवर चहा घेत उभा होता तेव्हा रस्ता ओलांडून हिरासिंग आला. आज त्याच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

"उकंडाभाऊ, जवाई तुमचा अन् गिऱ्हाईक माह्यं!"

"काय झालं?"

"सकाळी सव्वासहालेच शटर ठोकलं ना राजेहो त्याईनं. म्हने, काल बाहेरची कड लय घासली, पुढची चाकं वरतून आत झुकवून द्या, जेवढी झुकतात तेवढी. मंग काय, मशीनवर घेतली अन् देल्ली झुकवून. तुमाले नोका सांगू म्हने. मामाजीले वाईट वाटन म्हने." एवढं बोलून हिरासिंग मोठ्यानं हसला, म्हणजे टपरीवरच्या चौघांनाही ऐकू जावं.

उकंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला जावई, आपलं दुकान सोडून, त्या मशीनवाल्याच्या दारात! ग्लास आपटून तो दुकानाकडं चालू लागला. घरी आला की बोलायचंच नाही, असं त्यानं ठरवूनही टाकलं. दहा-बारा पावलं तो याच रागात चालला.

मग तो रस्त्याच्या कडेला थांबला.

चाकं वरून आत झुकवली, म्हणजे गाडी सरळ पळताना टायर आतल्या कडेवर चालणार. ब्रेक दाबला की सगळा जोर आतल्या कडेवर. जावयानं हिशोब बरोबर केला होता. बाहेरची कड वाचावी म्हणून भार आत नेला होता. पण डाव्या पुढच्या चाकाची आतली कड कोरी नव्हती. ती गुळगुळीत झालेली कड उकंडानं स्वतःच्या हातानं आत घातली होती. बाहेरून पाहणाऱ्याला तर ती दिसणारही नव्हती. अश्वजित प्रत्येक राऊंडनंतर वाकून बाहेरची कड पाहील, ती कोरी दिसेल, आणि मागचा टायर पुढं आल्यानं काम झालं असं समजून तो आणखी जोरात पळवेल. सासऱ्यानं सांगितलेलं काम केलंच नसेल, अशी शंका त्याला कशी यावी!

सकाळपासून किमान दोन राऊंड झाले असणार. त्यानं फोन लावला. अश्वजितचा वाजत राहिला. वैष्णवीचाही वाजत राहिला. मोटरसायकलला किक मारता मारता त्यानं घरी प्रभावतीला लावला.

"वैष्णवी फोन काहून उचलून नाई राह्यली?"

"ट्रॅकवर फोन जमा करून घेतात म्हने. काहून, काय झालं?"

"काई नाई. सहज."

"साडेअकराच्या राऊंडले पोरगी जवाईबापूच्या बाजूले बसनार हाय. सकाळी सांगून गेली. हेलमेट-बिलमेट देतात म्हने, भेव नाई काई."

उकंडानं फोन खिशात टाकला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ट्रॅक सोळा किलोमीटरवर होता.

हायवेचे बारा किलोमीटर त्यानं कसे कापले ते त्याचं त्यालाच माहीत. ट्रकच्या मधून, हॉर्नवरचा अंगठा न काढता. खरी अडचण आतल्या रस्त्याला आली. जिनिंगला निघालेला कापसाचा ट्रॅक्टर वळणावर आडवा झाला होता आणि ट्रॉली अर्धी नालीत गेली होती. दोन माणसं कापूस उतरवत होती. त्यांना घाई नव्हती. उकंडानं गाडी सरळ शेतात घातली. तुरीच्या ओळीतून, ढेकळांवर आपटत, एकदा आडवा पडून, पुन्हा उठून तो पलीकडं निघाला. मागून कोणीतरी शिव्या घातल्या. गुडघा फुटला होता, पण तो पाहायला वेळ नव्हता. डोळ्यांपुढं एकच होतं, दोन बोटं रुंद गुळगुळीत पट्टी आणि तिच्यावर टेकलेली आपली पोरगी.

फाटकातून आत शिरला तेव्हा अकरा अडतीस झाले होते. दहा-बारा गाड्या ट्रॅकवर घोंगावत होत्या. अश्वजितची पांढरी गाडी समोरून सुसाट गेली आणि बाजूच्या सीटवरचं लाल हेलमेट उकंडाला स्पष्ट दिसलं.

ट्रॅकच्या कडेला लाकडी मचाणावर झेंडेवाला उभा होता. पूनमसिंग नावाचा, जवळच्याच तांड्यातला तरणा मुलगा, कानाला वॉकीटॉकी. उकंडा मचाणाच्या पायऱ्या चढून वर पोचला तोच खालून हाक आली.

"अरे उकंडा! जवाईचा खेळ पाहाले आला का?"

भीमसिंग ट्रान्सपोर्टवाला. अठरा ट्रक, आणि त्या अठराही ट्रकचे टायर उकंडाच्या हाताखालचे. नातवंडांना गाड्या दाखवायला आला होता आणि आता कौतुकानं त्याच्या मागं पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. "हा मानूस टायरचा डॉक्टर हाय बरं," त्यानं पूनमसिंगला ओरडून सांगितलं. "तीस वर्सात एक चूक नाई!"

"काय पाहिजे काकाजी?" पूनमसिंगनं विचारलं.

"ते पांढरी गाडी, चौदा नंबरची. बाहेर बोलवा तिले."

"काहून?"

आणि इथं, ज्या क्षणासाठी तो शेतातून गाडी घालून आला होता त्या क्षणी, उकंडाची जीभ अडखळली. भीमसिंग ऐकत होता. रेलिंगला टेकलेले आठ-दहा जण ऐकत होते. त्यातले निम्मे गिऱ्हाईक होते.

"हवा कमी वाटून राह्यली," उकंडा म्हणाला.

"हवा मीच मोजली काकाजी, राऊंडच्या पहिले. चारही चाकं बरोबर होते." पूनमसिंगनं घड्याळ पाहिलं. "नऊ मिनिटं राह्यले. संपला राऊंड की पाहून घेऊ. बाहेरच्या मानसाच्या सांगण्यावरून मी गाडी काढली तर साहेब माह्यावर चढतात."

पांढरी गाडी पुन्हा आली. सरळ पट्टीवर तिचा वेग चढत गेला, वळणाआधी ब्रेक लागले, नाक खाली दबलं. उकंडाच्या कानांनी ऐकलं. टायरचा आवाज रबराचा नव्हता. खरखर होती त्यात, फरशीवर पत्रा ओढावा तशी. गाडी वळली आणि निघून गेली.

"आवाज आयकला?" तो म्हणाला. "काईतरी घासून राह्यलं. बोलवा लवकर."

"सगळ्याच गाड्या घासतात इथं," भीमसिंग हसला. "जवाईची लयच काळजी तुले!"

पूनमसिंगही हसला. उकंडानंही हसायचा प्रयत्न केला, लाज वाटावी असा. सांगून टाक, असं आतून कोणी ओरडत होतं आणि त्याच वेळी दुसरं कोणी म्हणत होतं, अजून एक चक्कर जाऊ दे, नऊ मिनिटांचीच तर गोष्ट आहे, टायर तेवढा टिकेल, मग गुपचूप बदलून टाकू, कोणाला कळणारही नाही. तीस वर्षं तो याच दुसऱ्याचं ऐकत आला होता. दीड मिनिटाची एक चक्कर. तो उभा राहिला आणि त्यानं ती जाऊ दिली.

गाडी तिसऱ्यांदा समोरून गेली. या वेळी ब्रेक लागताच डावी बाजू थरथरली आणि लाल हेलमेट झटक्यानं खिडकीवर आदळलं.

उकंडानं पूनमसिंगचं मनगट धरलं.

"टायर मी पलटवला हाय!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की रेलिंगवरचे सगळे वळले. "डावा पुढचा. घासलेली कड आत टाकली म्या. जवाईनं नाई सांगतलं होतं, म्या माह्या मनानं केलं. कोनाले सांगतलं नाई. त्यानं सकाळी चाकं आत झुकवली, त्याले काय माहीत. माह्यी चूक हाय. माह्यी चूक हाय बापा, तो टायर आतून संपला हाय, माह्यी पोरगी बसली हाय त्यात, झेंडा दाखव!"

पूनमसिंगनं दुसरं काही विचारलं नाही. गाडी बाहेर बोलवायचा काळा झेंडा आणि चौदाचा बोर्ड एकदमच बाहेर निघाला. वॉकीटॉकीत तो तांड्याच्या गोर बोलीत दोन शब्द बोलला आणि पलीकडच्या वळणावरचा झेंडाही हलायला लागला.

आता गाडीला उरलेली चक्कर पुरी करूनच आत यायचं होतं. ती पलीकडच्या उतारामागं दिसेनाशी झाली. उकंडानं मचाणाचा बांबू धरला. उतारामागून गाडी यायला नेहमी जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला. त्याच्या दुप्पट गेला. त्याला बुद्ध आठवले, बाबासाहेब आठवले, मेलेली आई आठवली. कोणाकोणाला काय काय कबूल केलं ते नंतर त्याला आठवलं नाही. मग पांढरं छत वर आलं. हळू, हेलकावे न खाता, सायकलच्या वेगानं गाडी पिटमध्ये, गाड्या थांबायच्या जागेत, शिरली आणि थांबली.

अश्वजित उतरला, हेलमेट काढलं आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून चाकापुढं आडवा झाला. तो बराच वेळ उठला नाही. उकंडा पोचला तेव्हा त्यालाही दिसलं. आतल्या कडेला रबर उरलंच नव्हतं. दोरे बाहेर आले होते, तुटून पिंजारलेले, आणि त्यांच्या खालून फुग्यासारखा एक उंचवटा फुगून आला होता. अजून एक जोराचा ब्रेक लागला असता, तर काय झालं असतं हे त्या तिघांनाही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वैष्णवी हेलमेट छातीशी धरून उभी होती. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"मामाजी," अश्वजित उठून म्हणाला. "चूक माझी आहे. सकाळी मी हिरासिंगकडं जाऊन चाकं झुकवून आणली. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही आले म्हणून आम्ही वाचलो."

"बाबा," वैष्णवी म्हणाली आणि तिनं येऊन उकंडाचा हात घट्ट धरला.

सगळं तिथंच मिटलं असतं. जावयानं दोष आपल्याकडं घेतला होता, पोरीनं हात धरला होता. भीमसिंग नातवंडांना घेऊन दूर गेला होता आणि पूनमसिंग वर मचाणावर होता. हेलमेटमध्ये असलेल्या या दोघांनी काहीच ऐकलेलं नव्हतं. उकंडाला तो हात सोडवत नव्हता. पण त्यानं सोडवला.

"हा मागचा टायर नाई, जवाईबापू," तो म्हणाला. "हा तोच कालचा हाय. मागं टाका म्हनलं तुमी, म्या आयकलं नाई. पलटवून तिथंच बसवला. अन् रात्री 'झालं' म्हनून सांगतलं."

अश्वजितनं पुन्हा वाकून टायरकडं पाहिलं.

"अजून हाय," उकंडा म्हणाला. आता तो पोरीकडं पाहून बोलत होता. "म्या इथं आलो तेव्हाच माहीत होतं मले. झेंडेवाल्यानं कारन इचारलं, तं म्या हवा कमी म्हनून सांगतलं. भीमसिंग बाजूले उभा होता. मले लाज वाटली. तुमी दोन चक्कर तसेच फिरले."

"दोन चक्कर?" वैष्णवी म्हणाली. "मी आत बसली हाय हे दिसून राह्यलं होतं तुमाले?"

"हो."

उकंडानं मान खाली घातली नाही. मान वर ठेवणं आयुष्यात त्याला इतकं जड कधी गेलं नव्हतं. ट्रॅकवरचा राऊंड संपला, एकेक गाडी येऊन शेजारी थांबत गेली, लोक हसत-बोलत उतरले, आणि हे तिघं तसेच उभे होते. अश्वजित बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला गेला तर तिनं तो बाजूला केला.

मग ती चाकाजवळ गेली आणि खाली बसली.

"जॅक लावा, बाबा," ती म्हणाली. "टायर खोला. माह्यासमोर खोला. अन् काय करून राह्यले, ते सांगत जा."

उकंडानं जॅक लावला, पाना घेतला आणि फुटलेल्या गुडघ्यावर बसला. पाना नटावर बसेना. अश्वजित पुढं झाला, पण वैष्णवीनं त्याला नजरेनंच थांबवलं. तिसऱ्या खेपेला पाना बसला.

"पहिला नट सोडून राह्यलो," उकंडा पुटपुटला.

"मोठ्यानं," वैष्णवी म्हणाली.

"पहिला नट सोडून राह्यलो," उकंडा मोठ्यानं म्हणाला.